आई-बाबा, तुमची प्रार्थना कमी पडलेली नाही

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग बाबा म्हणतात, "तू थांब जरा," आई फोन त्यांच्या हातात कोंबून स्वयंपाकघरात निघून जाते आणि मुद्दा राहतो बाजूलाच. पत्र बाबा मोठ्याने वाचतील, आईला हवं तिथे मध्ये बोलता येईल. मला काही ऐकू येणार नाही, त्यामुळे भांडणही नाही.

परवा बाबांनी विचारलं, "आमची प्रार्थना कुठे कमी पडली का गं?" मी तेव्हा "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला, कारण हे शेजारीच बसले होते. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. नंतर आईकडून कळलं, की बाहेरगावाहून आलेले ते उपदेशक घरी येऊन गेले. घराण्यात कबूल न केलेलं पाप आहे, ते निघाल्याशिवाय जावयाला आरोग्य मिळणार नाही, असं बोलून गेले. वर विश्वासाचं बी म्हणून काही रक्कमही पेरायला सांगून गेले. बाबा, आयुष्यभर शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवलंत, त्यांना एकही विचारला नाहीत?

ह्यांच्या किडन्या गेल्या त्या ब्लडप्रेशरने. ते कित्येक वर्षं वाढलेलं असणार. दुखत-खुपत काही नव्हतं, म्हणून कोणी मोजलं नाही. डॉक्टरांनी ह्यांच्या आजोबा-पणजोबांबद्दल विचारलं, तेही एवढंच, की कोणाला बीपी, शुगर, किडनीचा त्रास होता का. पापाचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

आता शास्त्रातलंच सांगते, कारण तुम्हाला पटायचं असेल तर तिथूनच पटेल. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य पहिला प्रश्न हाच करतात: गुरुजी, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? त्या उपदेशकांचा प्रश्न तोच. आणि प्रभू तिथल्या तिथे सांगतो, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. आईबापांनीही नाही, बाबा. हे मी नाही म्हणत.

तुम्ही लगेच म्हणाल, पुढची ओळ वाच, देवाची कार्यं त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून, असं लिहिलंय. वाचलीय. तिच्याशी मी पुष्कळ झगडलेय. देवाला स्वतःचं सामर्थ्य दाखवायचं होतं म्हणून एका बाळाला आंधळं जन्माला घातलं, असा अर्थ असेल तर मला तो पचत नाही, आणि पचतो असं खोटं बोलणार नाही. पण त्याच्याही पुढची ओळ पाहा. दिवस आहे तोवर कामं केली पाहिजेत, असं प्रभू म्हणतो, जमिनीवर थुंकतो, चिखल कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना कारण हवं होतं. तो मातीत हात घालून कामाला लागला. मी सध्या त्या चिखलापाशी थांबलेय. त्या आधीच्या ओळीचं काय करायचं ते त्याच्यावर सोपवलंय.

ह्यांची तब्येत कशी आहे ते फोनवर मी "ठीक" एवढंच सांगते. ते नीट सांगते. मंगळवार, गुरुवार, शनिवार ठाण्याला डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हातात मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलाय, त्यातूनच सुया जातात. त्यावर बोटं ठेवली की आत सारखी थरथर लागते, मांजर घुरघुरतं तशी. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तिथे बोटं ठेवते. ती थरथर बंद झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर बीपी घ्यायचं नाही, घट्ट घड्याळसुद्धा नाही. पाणी मोजून. चहा, आमटी, ताक सगळं त्या मापात धरायचं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम कमी होतं. शहाळं, केळं, टोमॅटोचं सार बंद. आई, तू पाठवलेलं लिंबाचं लोणचं मी एकटीच खाते, ह्यांच्या पाठीमागे, कपाटाआड उभी राहून.

पहिल्या काही महिन्यांत मला प्रार्थना जमत नव्हती. शब्द तोंडात यायचे आणि तिथेच सुकायचे. चर्चच्या मंडळीतले लोक चांगले आहेत, डबे आणले, पैशाला उभे राहिले, पण येणारा प्रत्येक जण एकदा तरी म्हणायचाच, "देवाची काहीतरी योजना असेल." हे एकदा वैतागून म्हणाले, "योजना असेल तर टाइमटेबल तरी दाखवा म्हणावं." बिचाऱ्या बाई गप्पच झाल्या. मला हसू आवरेना. शास्त्रातल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ज्यांनी देवाचीच बाजू घेतली होती. ओरडणाऱ्या ईयोबाविषयी मात्र तो म्हणतो, ह्याने माझ्याविषयी यथार्थ बोललं. पाळकसाहेब तेवढे शहाणे निघाले. त्यांनी मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला दिलं आणि काहीही समजावलं नाही. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही. शास्त्रात असं सुद्धा स्तोत्र ठेवलंय, म्हणजे तशी प्रार्थना चालते. मग मी तशीच करायला लागले.

कमी पडलेल्या प्रार्थनेचंच बोलायचं तर प्रेषित पौलाचं बघा. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. त्याच्याहून विश्वास जास्त असलेला माणूस ते उपदेशक कुठून आणणार आहेत? काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पूर्वी हे वचन मला नकाराला गोड वेष्टण घातल्यासारखं वाटायचं. आता दिवसाच्या हिशोबासारखं वाटतं. आजच्या पुरतं मिळतं. उद्याचं आज मागितलं तर मिळत नाही.

डायलिसिस सेंटरच्या बाहेर बाकं आहेत. तिथे आम्ही बायका बसतो, चार तास करणार काय? एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या कॅथलिक समाजातल्या, मावशी येतात, अस्सल ठाण्याच्या. त्यांनी मला 1321 सालची गोष्ट सांगितली. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार धर्मबंधू इराणकडच्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला निघाले होते. जहाजाने त्यांना मनाविरुद्ध आणून उतरवलं ठाण्याला. इथे त्यांची काही योजना नव्हती, आणि इथेच ते मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस त्यांतला एक. पुढे ओडोरिक नावाच्या दुसऱ्या धर्मबंधूने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. मावशी म्हणाल्या, "कोल्लमला पोचले असते तर कोणाला आठवले असते?" मला हे पूर्ण पटत नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी कोल्लमच निवडलं असतं. पण नको असलेल्या बंदरावर उतरावं लागणं म्हणजे काय, ते त्या बाकावरच्या प्रत्येकीला कळत होतं.

त्या बाकावर नवीन कोणी आली की लगेच ओळखू येते. फाइल छातीशी धरलेली, डोळे त्या दारावर. तिला काय विचारायचं तेही ठाऊक नसतं. मग मी तिच्या शेजारी जाऊन बसते. सरकारच्या महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं, हे सांगते. भाज्या कशा भिजवायच्या, मीठ कसं तोडायचं, हे मी एका कागदावर मराठीत लिहून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. परवा एकीला दिला. तिचा नवरा रिक्षा चालवतो, वय चाळिशीच्या आतलं. तिने कागद घेतला, घडी घातली, परत उघडला आणि विचारलं, "ताई, तुमच्या ह्यांना किती दिवस झाले? जगतात ना?" मी म्हटलं, आत आहेत, क्रिकेट बघतायत आणि अंपायरला शिव्या देतायत. ती हसली आणि मग रडली. मी ख्रिस्ती आहे की कोण, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता आई म्हणेल, "बघ, ह्यासाठीच देवाने हे दिलं." नको गं आई, असं नको म्हणू. त्या बाईला कागद मिळावा म्हणून ह्यांच्या किडन्या गेल्या, असा सौदा मला देवाच्या नावावर मांडायचा नाही. तुझी आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिच्याकडून तू रमाबाईंचं सगळं ऐकलेलं आहेस. 1870 नंतरच्या दुष्काळात रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. 1882 साली कॉलऱ्याने नवरा गेला, मांडीवर तान्ही मनोरमा. पुढे 1896-97 च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पण रमाबाईंच्या आईला उपाशी मारून देवाने केडगाव उभारलं, असं त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायची तुझी हिंमत होईल का? माझी नाही होणार. दुष्काळ वाईटच होता. त्या वाईटातून त्या बाईने आणि तिच्या देवाने मिळून काय काढलं, ते मात्र वेगळं, आणि त्याला मी हात जोडते. शेवटी कानांनी ऐकू येत नव्हतं, 1921 साली मनोरमाही गेली, आणि बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलाचं काम करतच होत्या. 5 एप्रिल 1922 ला गेल्या. ते बायबल छापून आलं 1924 साली. त्यांनी पाहिलंच नाही.

आशेचं मला असंच काहीसं कळलंय. आधी माझी आशा म्हणजे किडनी मिळेल, एवढीच होती. यादीत नाव आहे, ते चालूच राहील. माझा रक्तगट जुळला नाही. बाबा, तुम्ही इतक्या वर्षांची शुगर घेऊन "माझी घ्या" म्हणालात, तेव्हा डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी तुम्हाला हात जोडले, हे मी पाहिलंय. पण फक्त त्यावर जगायचं ठरवलं तर फोन वाजला नाही की रोज मरायचं. माझी मोठी आशा पुनरुत्थानाची आहे. शरीराचं पुनरुत्थान, नुसत्या आत्म्याचं नाही. आणि त्यातली एक गोष्ट मला फार धरून ठेवते. उठलेल्या प्रभूच्या हातांवरचे व्रण गेले नव्हते. शंका घेणाऱ्या थोमाला, त्याच्या शिष्याला, त्याने तेच दाखवले. ह्यांच्या डाव्या हातावर सुयांनी गाठी आल्यात, पूर्वी हे फुल शर्ट घालून झाकायचे. हल्ली बाही दुमडून मंडळीत येतात. का, ते मी विचारलेलं नाही.

तेव्हा त्या उपदेशकांना पैसे द्यायचे नाहीत. दिले असतील तर मला सांगू नका, चिडेन. उपास तर मुळीच नाही, बाबांची शुगर खाली जाते. आणि आई, तू उपासनेत गायचं थांबवलंस असं ताईकाकू म्हणाल्या. गाण्यासारखं वाटत नसेल तर नको गाऊस, पण मागच्या बाकावर जाऊन बसू नकोस. तुझी जागा दुसरं कोणी धरेल. मग तू वर्षभर त्यावरून बोलशील.

बाबा, तुमच्यासाठी एक काम आहे. आम्ही ईस्टरला यायचं म्हणतोय. उत्तम शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचू, पण शनिवारचं डायलिसिस चुकवता येत नाही, ते नगरमध्येच करावं लागेल. तुम्ही सोमवारी जाऊन तिथल्या सेंटरमध्ये विचारा, शनिवारी सकाळची पाळी मिळेल का. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट ते मागतीलच, ते किती दिवसांच्या आतले लागतात तेवढं नीट लिहून घ्या. मशीन किती आहेत, बाहेर बसायला सावली आहे का, तेही बघा. काउंटरवरचा माणूस कंटाळला तरी विचारत राहा. ते तुम्हाला चांगलं जमतं. पाळी मिळाली की मला फोन करा, रात्री आठनंतर, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची लाडकी,
बेबी

ता. क. आई, परत निघताना लोणचं मीच घेऊन जाईन. बरणी मोठी काढून ठेव.