गुडघा, गोळी आणि तुझं पत्र

पुणे, १८ ऑगस्ट

प्रिय विन्या,

गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेतोस आणि वर मलाच लिहितोस, 'त्यानं पोटाचा कॅन्सर टळतो म्हणे!' अर्धं खरं आहे, म्हणून तर धड भांडताही येत नाही तुझ्याशी.

१९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ॲस्पिरिनसारख्या पेनकिलर शरीरात प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं-सूज वाढवणारं रसायन, बनू देत नाहीत. दुखणं थांबतं ते त्यामुळे. पण जठरातलं ॲसिड जठरालाच खाऊ नये म्हणून आत जो बुळबुळीत थर असतो, तोही प्रोस्टाग्लँडिनच्याच जिवावर टिकतो. मुख्य नळ बंद केलास की मोरीतलं पाणी जातं आणि स्वयंपाकघरातलंही.

आता तू ऐकलेली गंमत. जठराच्या पेशींत टीएफएफ नावाची जनुकं असतात. त्यांच्या प्रथिनांत बेलाच्या पानासारखी तीन वेटोळी असतात आणि थराला ओरखडा पडला की डागडुजी हीच करतात. उंदरांतून टीएफएफ-१ काढून टाकलं तर त्यांच्या जठरात गाठी आल्या. आणि एमकेएन-४५ या जठर-कॅन्सरच्या पेशींवर ॲस्पिरिन घातलं, तर टीएफएफ-२ चक्क वाढलं! एका हातानं भिंत पाडायची, दुसऱ्यानं गवंडी बोलवायचा.

पण अरे, मी आयुष्यभर लॅबमध्ये अशाच पेशी वाढवल्या. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत गुलाबी पाणी, तळाला चिकटलेल्या पेशी, ३७ अंशांची ऊब. तिथं ना ॲसिड, ना मिसळ, ना फुटणारी रक्तवाहिनी. गवंडी आला एवढंच त्या बाटलीत दिसतं. तुझ्या पोटात भिंत उभी राहिली का, ते नाही दिसत.

माझी फजिती तुला सांगितली नव्हती. दाढ दुखत होती, आठवडाभर उपाशीपोटी गोळ्या गिळल्या. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तरी मी आदल्या दिवशीच्या बिटाच्या कोशिंबिरीवर ढकललं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा हिनं रिक्षा बोलावली. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. एवढं शिकून ही अक्कल!

तर डॉक्टरांना गोळीचं नाव आणि किती महिने घेतोयस ते खरं सांग. जुना अल्सरही सांग, तो तू हमखास लपवशील. गणपतीला येशील तेव्हा गोळ्यांचं पाकीट घेऊन ये, मला बघायचंय. जिना चढवत नसेल तर खालून हाक मार, मीच उतरतो.

तुझा,
बाळ्या