तुझा आठवा, माझा तिसरा

दादर, मुंबई
रविवार दुपार

प्रिय मंजू,

तुझा फोन ठेवला आणि परत मोरीकडे धावले. लोकांना चिंचा-कैऱ्यांचे डोहाळे लागतात, मला भाजक्या शेंगदाण्यांचे. नवऱ्याने काल स्टेशनबाहेरून पुडी आणली. एक दाणा तोंडात टाकला आणि पुडी सासूबाईंच्या हातात दिली!

पडल्यापडल्या अ‍ॅमस्टरडॅमबद्दल वाचतेय. हसू नकोस. १९४४ चा हिवाळा, शहर जर्मनांच्या ताब्यात. सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी संप केला, म्हणून जर्मनांनी धान्य अडवलं. नोव्हेंबरअखेर माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरींच्या खाली, पुढे ४०० ते ८००. लोक ट्यूलिपचे कंद खायचे, ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटून चुलीत घालायचे.

माझ्या डोक्यात तिथल्या दोघी शेजारणी येऊन बसल्यात. एप्रिल १९४५, एकीला आठवा, दुसरीला तिसरा. दोघी माझ्या मनातल्या, पण हॉस्पिटलच्या नोंदी खऱ्या. त्यांवरून संशोधकांनी पुढे त्या मुलांचा माग काढला. शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्यांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमनी हलकी. सुरुवातीला उपासमार आणि मग पोटभर, अशांची जन्मतः चांगली भरलेली. पण पन्नाशीला आल्यावर त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला. तुझ्या जागच्या बाईची उपासमार लगेच काट्यावर दिसली, माझ्या जागचीची पन्नास वर्षं दडून राहिली.

आणि मला खात्री आहे, तिसरा महिनावालीने आपल्या वाटचा बिटाचा तुकडा दुसरीला दिला असणार. "तू खा गं, तुझे दिवस भरत आलेत." मीही दिला असता. तू घेतला नसतास, मग आपण भांडलो असतो.

पणजीची गोष्ट तुला सांगितली होती का? १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेली फोर्ट स्टिकिन बोट स्फोट होऊन फुटली. गिरगावच्या चाळीत ती आणि शेजारीण, दोघी पोटुशा, जिन्याखाली एकमेकींना बिलगून बसल्या. आजी तेव्हा पोटात. पणजीला शेवटपर्यंत हळहळ कसली, तर चुलीवरचं दूध सांडल्याची. शेजारणीने आपल्यातलं अर्धं दिलं, हेही ती दरवेळी सांगायचीच.

डोहाळजेवणाला येतेय, डॉक्टरांनी हो म्हटलंय. झोपाळ्यावर तू बस, मला बाथरूमजवळची खुर्ची ठेव. आणि तुझ्या आईला सांग, पंचपक्वान्नं तुझ्यासाठी. माझ्यासाठी नुसता दहीभात, वर दाण्याची चटणी. गेली पोटात तर गेली.

तुझीच,
शमी