खिडकीतला दिवा आणि एकच स्वेटर

स्टॉकहोम,
२३ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर पाचव्या मिनिटाला स्थळांचा विषय निघतो आणि बाकीचं राहूनच जातं, म्हणून या वेळी लिहून काढतेय. जेवणखाण, ऑफिस, घरमालक सगळं आहे तसंच आहे. ते पुन्हा सांगत नाही.

आधी आईच्या तक्रारीचं उत्तर. परवा व्हिडिओ कॉलवर तुला माझ्या डोळ्यांखाली काळं दिसलं आणि गाल बसलेले वाटले. आई, ती त्या दिव्याची करामत आहे. माझ्या स्वयंपाकघरात एकुलता एक बल्ब, तोही बरोबर डोक्यावर. उजेड सरळ वरून आला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठावर, आणि चांगला धडधाकट माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. खोटं वाटत असेल तर रात्री दादाला जिन्यातल्या बल्बखाली उभं करून बघ. त्याच्या आधीच्या रविवारी मी खिडकीशी बसले होते, उजेड एका बाजूने येत होता, तेव्हा तूच म्हणालीस, “जरा बाळसं धरलंयस.” मधे चार दिवस गेले होते. वजन दोन्ही वेळा अठ्ठावन्न.

दिवसाचं म्हणशील तर सध्या सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. उगवतो म्हणजे काय, इमारतींच्या कडेकडेने सरकत जातो. ऐन दुपारी क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर. आपल्याकडे साताऱ्यात याच दिवसांत दुपारी तो एकोणपन्नास अंशांवर असतो, म्हणजे हिशेब बाबांनी करावा. मी केला, माझी सावली चाळीस फूट पडते! रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते. इतक्या खालून येणाऱ्या उन्हाला हवेचा जाड थर पार करावा लागतो, त्यात निळा रंग वाटेतच विखुरतो आणि पोहोचतं ते पिवळं-तांबूस ऊन. म्हणून आत्याला माझे दुपारी बाराचे फोटो संध्याकाळचे वाटतात. आणि दादाला सांगा, बर्फ निळा दिसतो तो फिल्टर नाही. सावलीतल्या बर्फावर फक्त निळ्या आभाळाचा उजेड पडतो, तोच फोटोत येतो.

आता इथली एक गोष्ट सांगते, जी कळायला मला अख्खा हिवाळा लागला. इथे प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटा दिवा असतो. पडदे उघडे आणि दिवा रस्त्याच्या बाजूला. पहिल्या वर्षी मला वाटलं, लोक विसरून जातात. शेजारच्या आजींचा दिवा तर घरात कुणी नसतानाही चालू. आपल्या घरी खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं नाही तर बाबा काय करतात ते आठवून मी एकदा त्यांची बेल वाजवली आणि मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये सांगितलं, तुमचा दिवा चालू राहिलाय. त्या म्हणाल्या, हो. मी म्हटलं, रात्रभर? त्या म्हणाल्या, हो. मग दोघी थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिलो.

पंधरा दिवसांनी उलटं झालं. त्यांनीच माझी बेल वाजवली. माझी खिडकी काळी दिसते म्हणून विचारायला आल्या होत्या, बरी आहेस ना, की गावाला गेली होतीस? मग आतून त्यांचा जुना दिवा आणून दिला. म्हणजे तो दिवा वाचायला नाही, घर सजवायलाही फारसा नाही. साडेतीन वाजताच अंधारलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं की आत माणूस आहे, एवढ्यासाठी. निदान मला तरी तसं समजलं. पावसाळी ढगाळ दिवशी तर पूर्ण रस्ता करडा, झाडं काळी, माणसं काळ्या कोटात, आणि वर चार मजले ओळीने पिवळे ठिपके. पोटात जरा बरं वाटतं. आई, तू तिन्हीसांजेला ओसरीवरचा दिवा लावताना ‘घर भकास दिसू नये’ म्हणतेस ना, तसंच. फक्त इथे तिन्हीसांजा दुपारच्या मीटिंगमध्ये होतात, आणि तेव्हा झोपू नये हा तुझा नियम मी ऑफिसच्या खुर्चीत बसून कसाबसा पाळते.

डिसेंबरात त्याच कट्ट्यावर सात दिव्यांची कमान येते. लाकडी त्रिकोण, त्यावर मेणबत्तीसारखे सात बारके बल्ब. बाबा, हे खास तुमच्यासाठी. जुन्या कमानीतला एकेक बल्ब चौतीस व्होल्टचा, तीन वॅटचा. सातही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. चौतीस साते दोनशे अडतीस, झालं मेन्सचं व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मर नकोच. आणि सगळे मिळून एकवीस वॅट, तेव्हा बिलाची काळजी नको. एक बल्ब ढिला झाला की सातही जातात. परवा माझी कमान गेली, तर तुम्ही गणपतीच्या माळेवर करायचात तसं एका टोकापासून एकेक पिळत गेले. पाचवा निघाला.

मावशीने कुठला तरी व्हिडिओ बघून आईला सांगितलंय की इकडे अंधाराने लोकांना डिप्रेशन येतं. येतं. त्याला १९८४ साली डॉक्टरांनी नावही दिलंय. पण मला काही झालेलं नाही. डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्या बघण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवण्यासाठी असतात. ऑफिसमधला पाचशे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड त्यांना फारसा पटत नाही. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत चालून येते. शिवाय सकाळी चहा घेताना अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसते. यात वेडंबिडं काही नाही. उत्तरेकडच्या उमेओ गावात २०१२ मध्ये बसस्टॉपवरच असे दिवे बसवले होते. हा दिवा मी पहिल्याच हिवाळ्यात घेतला. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच ‘परत ये’ म्हणाला असतात, आणि मी कदाचित आलेही असते. या वर्षी खरंच बरी आहे.

आई, तू विचारलंस, तुझ्याकडे एकच स्वेटर आहे का? चार आहेत. पण नोव्हेंबरात एका रविवारी कडक ऊन पडलं होतं. त्या दिवशी मी पुलावर, तळ्याकाठी, जुन्या गावात, खिडकीत मिळून पन्नासेक फोटो काढून ठेवले. ग्रुपवर आठवड्याला दोन टाकते ते त्यातलेच. त्यानंतर ऊन एकूण तीन वेळा आलं, त्यातलं एकदा मी मीटिंगमध्ये होते. करड्या आभाळाचे फोटो मी काढते, फक्त पाठवत नाही. ते बघून तू दोनदा फोन करशील.

आता बाबांच्या डोळ्याचं. सत्तर हजार परवा पाठवलेत, खात्यात आले का ते दादाला बघायला सांगा. मोतीबिंदू माझ्यासाठी थांबवू नका. मी मार्चमध्ये येईन म्हणाले होते, पण सुट्टी मेपर्यंत ढकलली गेली. मला माहितीये, गेल्या वर्षीही असंच झालं होतं. जानेवारीत करून घ्या, लेन्स डॉक्टर सांगतील ती घ्या, पैसे बघू नका. आणि बाबा, रंगाऱ्याशी भांडू नका. हॉलची भिंत पांढरीच आहे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, म्हणून तुम्हाला ती क्रीम दिसते. मोने नावाचा मोठा फ्रेंच चित्रकार होता, त्याचीही चित्रं याच पायी तांबूस-तपकिरी होत गेली होती. १९२३ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी त्याने ऑपरेशन करून घेतलं. तुम्ही तर अजून सत्तरीचेही नाही. पट्टी काढल्यावर आधी भिंत बघा आणि मला फोन करा. मी तेव्हा तिथे असायला हवी होते, ते मला कळतं.

राहिलं स्थळ. पुण्याच्या मुलाला मी नाही म्हणाले नाही, ‘बघू’ म्हणाले, त्यात फरक आहे. त्याच्या आईला फोटो हवाय ना? सोबत दोन पाठवतेय. एक खिडकीतला, एक स्वयंपाकघरातल्या त्या बल्बखालचा, रात्री साडेनऊचा. तुझ्या मनात पहिला द्यायचा असेल. दुसरा दे. तो बघूनही बोलायचं असेल तर रविवारी फोन करायला सांग, इथल्या दुपारी बाराला, मी खिडकीत असेन.

आजीला नमस्कार. तिच्या खोलीतली ट्यूब फडफडते म्हणालीस, ती आजच बदला, रात्री उठते ती.

तुमची,
छकुली

ता. क. स्वेटरचं आत्याला सांगू नका. ती प्रत्येक फोटोला बदाम टाकते.