मुलांच्या इंजेक्शनचं गणित भिंतीवर लावा

महोदय,

जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा २०२५ सालचा विषय होता नवजात बाळं आणि मुलांची सुरक्षित शुश्रूषा. बॅनर लागले, भाषणं झाली. मुलांच्या वॉर्डात निम्मी नोकरी काढलेल्या मला मात्र भिंतीवर एक साधं कोष्टक हवं होतं : कोणतं औषध, कशात, किती पातळ करायचं आणि किती वेळात सोडायचं.

मोठ्या माणसाला बहुधा अख्खी व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, जाते. मुलाला तिच्यातला थेंबभर भाग. अमिकासिन हे अँटिबायोटिकच घ्या. १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या व्हायली मिळतात आणि तिन्हींत औषध दोनच मिली असतं. सहा किलोच्या बाळाला एका वेळी ४५ मिलिग्रॅम द्यायचं असेल तर १००च्या व्हायलमधून ०.९ मिली काढायचं, ५००च्या व्हायलमधून ०.१८. रोज १००ची येते, त्या दिवशी स्टोअरमधून ५००ची आली. पहाटे तीन वाजता हाताने सवयीने ०.९ ओढलं की डोस पाचपट. त्रास होतो तो कानांना आणि किडनीला. मी स्वतः एकदा अशी सिरिंज भरली होती. शेजारच्या सिस्टरने लेबल वाचलं, म्हणून ती बाळापर्यंत गेली नाही.

फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, घातलं की त्याचे कण होतात, त्याला नॉर्मल, म्हणजे मिठाचं, सलाईनच लागतं. सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक आणि आरएल (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेलं सलाईन) एका नळीत येऊ द्यायचं नाही. व्हॅन्कोमायसिन हे आणखी एक अँटिबायोटिक घाईने सोडलं तर मूल लालबुंद होतं, त्याला निदान तास द्यावा लागतो. हे सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तक कपाटात आणि चावी इन्चार्ज सिस्टरकडे!

म्हणून कोष्टक औषधाच्या ट्रॉलीसमोर असावं. मुलांच्या प्रत्येक इंजेक्शनचा हिशेब दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र करून सही करावी. रात्री दुसरी सिस्टरच नसते, हे मला ठाऊक आहे. ती नेमणं हे प्रशासनाचं काम. डॉक्टरांनी केसपेपरवर आजचं वजन लिहावं आणि नुसतं .५ न लिहिता ०.५ लिहावं. तो टिंब पुसट उमटला की पाच वाचलं जातं.

नातेवाइकांनाही एक सांगते. सलाईन लवकर संपावं म्हणून नळीवरचं चाक सैल करू नका. मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीत, ६० थेंबांचा एक मिली होतो आणि ते थेंब घड्याळ लावून मोजलेले असतात.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा