ठाण्याच्या कोंडीत डिझेलचा हिशेब बदलतो

महोदय,

महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर फिरणे असेल तर डिझेल घ्या, हा आपल्या वाहनविषयक पुरवणीतला सल्ला वाचला. ठाणेकरांना तो आता लागू पडत नाही, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

किलोमीटर किती, यापेक्षा ते कुठे होतात हे आधी बघावे. कासारवडवलीहून रोज बेलापूरला जाणाऱ्याचे तेवढे सहज भरतात, पण त्यातले कितीतरी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक निकष आल्यापासून डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायची तर गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. घोडबंदर रोडवर रांगणाऱ्या गाडीला ते कुठून मिळणार? आमच्या शेजाऱ्यांच्या नव्या एसयूव्हीत डीपीएफ तुंबत आल्याचा दिवा सारखा लागतो. मेकॅनिक दर वेळी सांगतो, "नाशिक हायवेला काढा आणि अर्धा तास पळवा." पैसे वाचावेत म्हणून घेतलेली गाडी दिवा विझवायला पडघ्यापर्यंत न्यावी लागते, याचे वाईट वाटते.

याउलट स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोटर आणि बॅटरी असलेली, काही वेळ नुसत्या बॅटरीवरही चालणारी गाडी, कोंडीतच पैसे वाचवते. कापूरबावडीच्या सिग्नलला इंजिन बंद, एसी मात्र बॅटरीवर चालू. ब्रेक दाबला की गाडीच्या वेगातली काही शक्ती परत बॅटरीत जाते. टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडचे कंपनीने सांगितलेले मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे. ते सोडा, 20 धरा: पेट्रोल 103 रुपये लिटर धरले, तर किलोमीटरला पाच रुपये पंधरा पैसे पडतात. कोंडीत डिझेलने 14 दिले, तर 90 रुपये लिटर धरून सुमारे सहा रुपये चाळीस पैसे. हायब्रिड घेताना महाग पडते खरी, पण आपल्या राज्यात डिझेलला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त आहे. इंजिनाला बॅटरीची थोडीशीच मदत असलेल्या माइल्ड हायब्रिडला मात्र हा हिशेब लावू नये. ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही.

ओढीच्या बाबतीत डिझेलला तोड नाही. हायरायडर हायब्रिड आणि क्रेटा डिझेल, दोन्हींची ताकद 116 पीएसच्या आसपास. पण पाच माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना डिझेलचा 250 एनएम टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, इंजिन सावकाश फिरत असतानाच हाताशी असतो, हायब्रिडचे इंजिन तिथे ओरडू लागते. सलग वेगात हायब्रिडची बचतही घटते. दर आठवड्याला कोल्हापूर-रत्नागिरी करणाऱ्याने खुशाल डिझेल घ्यावे.

आपल्याला एकच विनंती: पुढची चाचणी एक्स्प्रेसवेवर न घेता संध्याकाळी सात वाजता माजिवडा ते गायमुख घ्या आणि मिळेल ते मायलेज छापा.

– एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)