शिवताना माया ठेवा

महोदय,

गेल्या वर्षीचा गणवेश जूनमध्ये आखूड होतो आणि वाढवता येत नाही, कारण आत मायाच (शिलाईच्या आत राखलेले जादा कापड) नसते. तयार कपड्यात ओव्हरलॉक मशीन शिलाईलगतचे कापड छाटत जाते. शिंप्याकडे कापड देतानाच सांगावे : दोन्ही कुशींना (बाजूच्या शिवणींना) १ इंच, खालच्या दुमडीत ३ इंच. ब्लाउजच्या कुशीत दीड इंच माया असेल, तर दोन्ही कुशींत पुढचे-मागचे १-१ इंच उसवून घेर तब्बल ४ इंच वाढतो. टेरिकॉट उसवल्यावर सुईची भोके दिसत राहतात. सुतीत ती धुतल्यावर बहुतेक बुजतात.

सुती कापड शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावे. कोरे कापड ३ ते ५ टक्के आटते, म्हणजे अडीच मीटरमागे साडेबारा सेंटिमीटरपर्यंत. अस्तरही भिजवावे, नाहीतर ते आटून वरचे कापड फुगते. ही चूक फार घरांत होते.

ठिगळाचेही तेच. कोरे ठिगळ धुतल्यावर आटते आणि भोवतीचे झिजलेले कापड फाडते. शिंप्याकडून कात्रण मागून घ्यावे, कपड्याबरोबर दोनदा धुवावे आणि भोकापेक्षा सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठे कापावे. टाके धड कापडात बसतात.

सांगली-मिरजेतल्या शाळांना कळकळीची विनंती : गणवेशाचा रंग किमान ५ वर्षे बदलू नका. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालता आला पाहिजे.

– एक शिवणकाम शिक्षिका, सांगली