कोपऱ्यातला खण तेवढा पाडू नका

व्हँकूव्हर
५ एप्रिल

ती. अप्पांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन होतो, पण फोनवर अप्पा "बरं आहे, बरं आहे" म्हणतात आणि आईचं "खायलीस का नीट?" यातच निम्मा वेळ जातो. मला जे सांगायचंय त्याला बैठक लागते, म्हणून पत्र लिहितेय. दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

दादा परवा म्हणाला की कोपऱ्यातला मातीच्या छताचा, माळवदाचा खण उतरवून तिथं स्लॅब टाकायचं ठरतंय, ठेकेदार येऊन बघूनही गेला. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तोच खण आहे. त्याच सुमारास मी इथं जे काम केलं, त्यात पदोपदी आपलं घर आडवं येत होतं.

इथल्या एका विद्यापीठात आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धा होती. कॅम्पसमध्ये एक छोटा निवारा उभा करायचा. चार बाजूंनी मोकळा, आठ-दहा जणांनी बसावं, डबा खावा, पाऊस टळेपर्यंत थांबावं, एवढाच. क्षेत्रफळ १० चौरस मीटरच्या आत, म्हणजे आपल्या ओसरीएवढं. मुलांनी उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी बांधायचा, आणि पर्यावरणावर त्याचा भार कमीत कमी पडला पाहिजे ही मुख्य अट. परीक्षक तिघं होतो. एक तिथल्या आर्किटेक्चरच्या प्राध्यापिका, एक विद्यापीठाच्या इमारतींची देखभाल बघणारे गृहस्थ, आणि लाकडी बांधकामाची गणितं करणारी म्हणून मी. अकरा नकाशे आले होते, सोबत पुठ्ठ्याची आणि लाकडाची छोटी मॉडेल्स.

पहिलं मॉडेल बघून सगळे हरखले. छतावर हिरवळ, रानफुलं, कडेला सौर पॅनेल. चित्र इतकं सुंदर की तिथं जाऊन बसावंसं वाटावं. मी त्या मुलाला विचारलं, छतावर माती किती? म्हणाला, १५ सेंटिमीटर. पाऊस पडल्यावर तिचं वजन किती? तो गप्प झाला. कोरड्या मातीचं गणित त्यानं केलं होतं, भिजलेल्याचं नाही. आणि व्हँकूव्हरमध्ये नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस असा लागून राहतो की माती कोरडी व्हायला सवडच मिळत नाही. १५ सेंटिमीटर भिजलेली माती म्हणजे एका चौरस मीटरवर अडीचशे-तीनशे किलो. ते पेलायला खांब जाड झाले, आणि खांबांखाली त्यानं काँक्रीटचा भला मोठा ओटा धरला होता.

अप्पा, तेव्हा मला ती रात्र आठवली. मी सहा-सात वर्षांची असेन. झडीचा पाऊस होता आणि कोपऱ्यातल्या खणाची तुळई कडकन वाजली. आज्जीनं मला अंथरुणासकट उचलून ओसरीत आणलं होतं. सकाळी तुम्ही आणि काका वर चढलात आणि पाट्या भरभरून माती खाली टाकू लागलात. मी रडत होते, मला वाटलं तुम्ही घरच मोडताय. तेव्हा तुम्ही सांगितलेलं अजून कानात आहे: "आजोबांनी दरवर्षी मिरगाच्या आधी नवी पांढरी माती टाकली, जुनी कुणी काढलीच नाही." तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, मग पाला, चिखल आणि वर पांढरीची माती, ही सगळी रचना एका ठरावीक ओझ्यासाठी होती. माती फूटभर झाली की चौरस मीटरला जवळजवळ अर्धा टन होतो, आणि भिजली की त्याहून जास्त. आपल्याकडं पावसाळ्यात माळवदं बसतात तेव्हा लोक मातीला दोष देतात. माती चांगलीच असते. वरचा थर वाढत जातो आणि खालचा कुणी काढत नाही, हे खरं कारण.

मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, मग ती माती पाणी आत येऊ कशी देत नाही? मी म्हटलं, बारीक असते, भिजली की फुगून आपल्या भेगा आपणच बुजवते, शिवाय उतार असतो आणि पाणी पन्हाळीतून बाहेर पडतं. उतार किती, हे मात्र मला सांगता आलं नाही. ते तुम्हीच सांगू शकता, खाली लिहिलंय.

काँक्रीटबद्दल थोडं सांगते, कारण स्लॅबचा विषय आहेच. सिमेंट करताना चुनखडी भट्टीत भाजतात. भट्टीच्या इंधनाचा धूर तर असतोच, पण त्याहून जास्त कार्बन खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. म्हणजे उद्या भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो थांबत नाही. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटचा. लाकडाचं उलटं आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो, झाडानं हवेतून ओढून घेतलेला. लाकूड कुजलं किंवा जळलं की तो परत हवेत जातो. म्हणून लाकूड वापरलं एवढ्यानं भागत नाही, ते किती वर्षं कोरडं राहील हा खरा प्रश्न.

एका गटानं बांबू घेतला होता. बांबू म्हटलं की मला आपल्या गड्ड्याच्या जत्रेतले बांबूचे उंच नंदीध्वज आठवतात, त्यामुळं माझं मन लगेच तिकडं झुकलं. पण तो बांबू समुद्रापलीकडून येणार होता, आणि इथं दाराशी सीडरची जंगलं आहेत. हे विद्यापीठ ज्या जमिनीवर आहे ती मस्क्वियम या इथल्या मूळ लोकांची. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच सीडरची घरं बांधली, होड्या कोरल्या, सालीचे दोर वळले. त्या लाकडातच असं तेल असतं की ते लवकर कुजत नाही. केरळात साधी, स्वस्त घरं बांधणारे लॉरी बेकर गांधीजींचं म्हणणं सांगायचे, की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं. मी ते सांगितलं तर त्या मुलांचे चेहरे उतरले. मलाही वाईट वाटलं, त्यांनी मेहनत फार घेतली होती.

आता अप्पा, हे खास तुमच्यासाठी. एका मुलीनं निवाऱ्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला विलो नावाच्या झाडाच्या लवचीक फांद्यांची विणलेली भिंत दाखवली होती. वाऱ्याबरोबर येणारी झड अडावी म्हणून. हातभर तुकडा विणून आणला होता. प्राध्यापिकाबाई त्याच्या प्रेमातच पडल्या. मी तो हातात घेतला आणि नकळत बोट कडेला गेलं, जसं तुम्ही चादर हातात घेतली की आधी काठ बघता. काठ नव्हता. आडव्या फांद्या शेवटच्या उभ्या काठीपाशी नुसत्या कापलेल्या. मी एक टोक हलकेच ओढलं, फांदी सरकून बाहेर आली. दुसरी ओढली, तीही आली. मी तिला सांगितलं, माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख-दुरुस्ती बघणारे, होते. मागावर धोटा काठापाशी पोचला की धागा वळून परत आत येतो, म्हणून कापड उसवत नाही. तुझी फांदी परत वळत नाही.

तिनं वाद घातला नाही. आठ दिवसांनी नवा तुकडा घेऊन माझ्या ऑफिसात आली. फांद्या रात्रभर पाण्यात भिजवून, शेवटच्या काठीभोवती वळवून दोन घरं आत घातल्या होत्या. "आता ओढा," म्हणाली. मी दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. तो तुकडा माझ्या टेबलावर आहे, येताना तुम्हाला दाखवायला आणणार आहे.

पहिला नंबर मात्र एका साध्या दिसणाऱ्या निवाऱ्याला गेला. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी त्याला दिसण्याचे फारच कमी गुण दिले होते. एका बाजूला उतरतं छप्पर, सहा खांब, दोन बाकं. बाकीच्या मॉडेल्सपुढं ते डोळ्यांत भरतच नव्हतं. पण देखभालीचे गृहस्थ सगळा वेळ तिथंच घुटमळत होते. ते प्रत्येक गटाला एकच विचारायचे, ऑक्टोबरात मेपलची पानं गळली की छताची पन्हाळ कोण साफ करणार? या गटाच्या मुलानं सांगितलं, पन्हाळच नाही. पाणी छताच्या कडेनं सरळ खाली खडीच्या चरात पडतं. त्या गृहस्थांनी तेव्हा पहिल्यांदा चष्मा काढून नकाशा जवळ ओढला.

मग मीही वाकून बघितलं. तुळयांचं लाकूड कॅम्पसमधल्याच एका पाडलेल्या इमारतीचं, खिळे उपटून परत घेतलेलं. सगळे सांधे बोल्टचे, गोंद कुठंच नाही, म्हणजे एक फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. पायाला काँक्रीट नाही, स्क्रूसारखे पिळत जमिनीत घालायचे लोखंडी खांब, नको तेव्हा उलटे पिळून काढता येतात. छपराचा पुढचा पाखाही त्यांनी सूर्य बघून ठरवला होता. इथं डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर येतो, त्यामुळं थंडीत ऊन आतल्या बाकापर्यंत पोचतं. जूनमध्ये तो ६४ अंशांवर असतो, तेव्हा पाखा सावली देतो. मी त्यांना सांगितलं की आमच्या सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. मुलं बघतच राहिली. एकीनं विचारलं, मग तिथं पाखा काय कामाचा? बरोबर विचारलं तिनं. तिथं उन्हाचा सगळा मारा छपरावरच.

आणि मग मला खांबाचा तळ दिसला. लाकडी खांब जमिनीला टेकलेलाच नव्हता. खाली लोखंडी बूट, आणि लाकूड जमिनीपासून चार बोटं वर. लाकूड उभ्या टोकाकडून पाणी पितं, म्हणून ते टोक ओल्यापासून दूर ठेवायचं. आपल्या ओसरीचा तळखडा! तोच दगड, ज्यावर बसून मी पाढे पाठ केले. शंभर वर्षांच्या खांबाला वाळवी लागली नाही ती त्या दगडामुळं. मी प्राध्यापिकाबाईंना मोबाईलमधला ताईच्या लग्नातला फोटो मोठा करून दाखवला, सगळ्यांच्या पायांमागं तळखडा दिसतोय तो. त्या म्हणाल्या, हा दगड कुणी घडवला? मला नाव माहीत नव्हतं. आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही ना?

दिसण्याचे गुण मी परत दिले, या वेळी नीट बघून. विणलेल्या भिंतीला दुसरा नंबर दिला.

आता मुद्द्याचं. अप्पा, स्लॅब नकोच असं मी म्हणत नाही. दादा-वहिनीला वरची खोली हवी आहे, मुलं मोठी होतायत, हे मला कळतं. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊन खाली सोडत राहतो, हे पुढच्या खोलीत आपण दर मे महिन्यात भोगतोच. आई अंथरूण उचलून कोपऱ्यातल्या खणात का जाते? तिथं गार लागतं म्हणूनच ना? तो खण गेला की घरात गार जागाच उरणार नाही.

आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, आपल्यासारखाच तापणारा. तिथल्या फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली आपल्या गांदो गावात शाळा बांधली. मातीच्या विटा, वर छत, आणि त्या छताच्या वर अंतर ठेवून उचललेला पत्रा. पत्रा तापतो, पण मधल्या फटीतून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. त्यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतला सगळ्यात मोठा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. आपल्या गच्चीवर लोक पत्र्याचं शेड करतात ते याच जातीचं. म्हणून माझं म्हणणं असं, की दादाची खोली पुढच्या स्लॅबवर होऊ द्या, वर हवा खेळेल असं पत्र्याचं छप्पर. कोपऱ्यातला खण राहू द्या. त्याची जास्तीची माती उतरवू, तुळई तपासू, लागलंच तर एक बदलू.

माझं चुकतही असेल. तुळई आतून पोकळ झाली असेल तर मीच सांगेन, उतरवा. लहान मुलं खाली झोपतात, तिथं हट्ट नाही. पण बघितल्याशिवाय नको.

तोवर दादानं एवढं करावं. खणाची लांबी-रुंदी मोजावी. मातीची जाडी पन्हाळीपाशी आणि मागच्या भिंतीपाशी अशी दोन्हीकडं मोजावी, त्यावरून उतार कळेल, तो त्या मुलालाही सांगायचाय. तुळईवर लाकडी दांड्यानं हातभर अंतरावर ठोकत जावं आणि आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवावा. अप्पांनी जवळ उभं राहून ऐकावं. माग बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो हे ज्यांना कळायचं, त्यांना तुळईचंही कळेल.

मी जानेवारीत येतेय, संक्रांतीच्या आधी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतला अक्षता सोहळा चुकणार नाही. गड्डा झाला की आपण दोघं वर चढू. ठेकेदाराला तोवर थांबायला सांगा, आगाऊ पैसे दिले असतील तर मी बघते.

आई, शेंगा चटणी संपली. कडक भाकरी अजून चार आहेत, जपून खातेय.

तुमची
धाकटी

ता. क. वर चढताना दादानं मधोमध पाय देऊ नये. भिंतीच्या कडेकडेनं चालावं, आणि अप्पांनी मुळीच चढू नये.